स्थळ बघायला आलेला सरकारी माणूस

पगार मला प्रश्न विचारण्याचा मिळायचा. सव्वीस वर्षं, आधी धुळ्यात आणि मग जळगावात, मी परिविक्षा अधिकारी होतो. हे पद सांगितलं की समोरचा माणूस मान हलवतो आणि विषय बदलतो. म्हणून आधी कामच सांगतो.

अठराच्या आतल्या मुलाच्या किंवा मुलीच्या हातून गुन्हा घडला, की त्याला बाल न्याय मंडळापुढे आणतात. तिथे एक न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजकार्यकर्ते बसतात. बेडी नाही, वर्दी नाही, पिंजरा नाही. मुलाला आरोपी म्हणायचं नाही. कागदावर तो 'विधिसंघर्षग्रस्त बालक' असतो, आणि हा शब्द मी एकाही आईला एका दमात समजावू शकलो नाही. आता या तिघांना ना मुलगा ओळखीचा, ना त्याचं घर. मग त्याला समज देऊन घरी सोडायचं, देखरेखीखाली ठेवायचं की विशेष गृहात धाडायचं, हे ते कशावरून ठरवणार? माझ्या अहवालावरून. पंधरा दिवसांत मी मुलाच्या घरी, शाळेत, गल्लीत जायचो आणि लिहून आणायचो: घरात कोण कमावतं, कोण मारतं, शाळा कधी सुटली, उठबस कुणाबरोबर. सगळ्यात शेवटचा रकाना असायचा 'गुन्ह्यामागील कारण'. या रकान्याने मला निवृत्तीनंतर गोत्यात आणलं.

माणसं वाचायला मी जळगावच्या भाजीबाजारात शिकलो. आई भाजी विकायची आणि मॅट्रिक होईपर्यंत मी तिच्या शेजारी पोत्यावर बसायचो. गिऱ्हाईक वांगं हातात फिरवतं, तेवढ्या वेळात त्याला आज भरीत करायचंच आहे की नुसतं बघायला आलंय, हे मला कळायचं. पुढे ना कुणाची चिठ्ठी, ना ओळख. परीक्षा देऊन नोकरी मिळवली. त्यामुळे मला कुणी हलकं बोललं की माझं डोकं फिरतं. ते नोकरीत बरंच महागात पडलं.

घासाघीस मात्र उपयोगी आली. पोलिसाशी, मुख्याध्यापकाशी, मंडळाशीसुद्धा मी घासाघीस करायचो. एकदा एका बापाने मला कोपऱ्यात नेऊन सांगितलं, "साहेब, ठेवा पोराला सहा महिने आत. घरात तेवढीच शांतता."

"सहा नाही," मी म्हणालो. "एक महिना. पण पोराचा नाही, तुमचा. महिनाभर तुम्ही हात उगारायचा नाही. मी दर रविवारी चहाला येणार."

"आणि उगारला तर?"

"तर पुढचा महिना रोज येणार."

तो माणूस माझ्या रोजच्या येण्याला जास्त घाबरला. चार रविवार मी त्याच्याकडे चहा प्यालो. फार वाईट चहा होता. पण पोरगं परत मंडळापुढे आलं नाही.

का आलं नाही? मी जायचो म्हणून, की ते तसंही येणार नव्हतं म्हणून? हे मला ठाऊक नाही, आणि माझी खरी तक्रार इथून सुरू होते. एकाच घरातले दोन भाऊ एकाच दिवशी एकच सायकल पळवताना सापडले. एक पुढे तीनदा आला, दुसरा कधीच नाही. आमच्या कार्यालयात किती प्रकरणं निकाली निघाली याचा तक्ता व्हायचा, मुलांचं पुढे काय झालं याचा व्हायचा नाही. एका आढावा बैठकीत मी उभा राहिलो आणि म्हणालो, साहेब, तक्त्यात एक रकाना वाढवा, 'दोन वर्षांनंतर'.

वरिष्ठ म्हणाले, "तुमच्याकडे बराच रिकामा वेळ दिसतो."

मी काय बोललो ते इथे छापता येणार नाही. महिन्याभरात मला कारणे दाखवा नोटीस मिळाली, विनापरवानगी दौरे केल्याबद्दल. बढतीच्या यादीत माझ्यानंतर सहा वर्षांनी लागलेल्या माणसाचं नाव आलं. ती नोटीस मी प्लास्टिकच्या पिशवीत घालून जपून ठेवली आहे. आणि त्याच रागात मी एक वही सुरू केली. प्रत्येक मुलाला एक पान: नाव, गाव, काय केलं, का केलं, पुढे कुठे दिसलं, काय करत होतं. कायद्याप्रमाणे मुदत संपली की अशा मुलांची सगळी नोंद नष्ट करायची असते, म्हणजे लहानपणची चूक आयुष्यभर मागे लागू नये. कार्यालयाने केली. माझी वही घरी, जळगावच्या पिंप्राळ्यात, कपाटात राहिली. एक दिवस कुणीतरी विचारायला येईल, मग दाखवतो, असं मनात होतं.

यंदा ती आली. सायली तिचं नाव. विद्यापीठात पीएच.डी. करते. विषय, बाल न्यायाचं धोरण आणि संशोधन यांच्या पुढच्या दिशा. तिने पिशवीतून प्रश्नावली काढली.

"किती प्रश्न आहेत?" मी विचारलं.

"तीस."

"दहाची उत्तरं देईन. आणि माझा एक तू घ्यायचा."

"काका, घासाघीस भाजीत करतात."

"मी भाजीच विकायचो."

ती हसली आणि वीसवर तडजोड झाली. कायदा, वयाची मर्यादा, सोळा की अठरा, यावर ती विचारत होती. मी सांगितलं, मोठे लोक वयावर भांडतात. मला वयापेक्षा पत्ता हवा आहे. ही मुलं आज कुठे आहेत? आमच्या कुठल्या गोष्टीने फरक पडला? हा माझा एक प्रश्न.

"याचं उत्तर कुणाकडेच नाही," सायली म्हणाली. "नोंदीच राहत नाहीत. आणि राहू नयेत, हेही बरोबर आहे."

मी कपाटातून वही आणून तिच्यापुढे ठेवली. शंभराच्या वर मुलं. मला वाटलं होतं, ती झडप घालेल. तिने वहीला हातही लावला नाही.

"या मुलांना ठाऊक आहे, त्यांची नावं तुमच्या कपाटात आहेत ते?"

"त्यांना कशाला विचारायचं? मी त्यांच्या भल्यासाठीच लिहिलं आहे."

"त्यांची संमती नसेल तर मला हे वाचताच येणार नाही, काका."

माझं डोकं फिरलं. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते माणूस आलं, आणि तेही परवानगीच विचारतंय! मी बरंच बोललो. बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. सायलीने शांतपणे चहा संपवला आणि म्हणाली, "एक जण तरी हो म्हणू दे. मग बघू."

"एक हो म्हणाली तर वही घेशील?"

"तिचं पान घेईन."

सौदा पदरात पाडल्यासारखा मी तिला दारापर्यंत सोडायला गेलो. कुणाकडे जायचं हे माझं ठरलंच होतं. मंगलकडे. कारण तो माझा सगळ्यात हुशारीचा अहवाल होता.

मंगल हे तिचं नाव नाही. तिच्याबद्दल पुढे जे येईल त्यात काही गोष्टी बदललेल्या आहेत, आणि कुठल्या ते विचारू नका. भडगावकडच्या, गिरणेकाठच्या एका खेड्यातली मुलगी. पिंप्राळ्यात मावशीकडे राहून अकरावी करायची आणि सकाळी एका ब्यूटी पार्लरमध्ये कामाला जायची. एका बाईने गळ्यातली सोन्याची पोत काढून ठेवली होती. ती मंगलच्या दप्तरात सापडली. तेव्हा ती सोळा वर्षांची होती.

मंडळापुढे ती एक शब्द बोलली नाही. मी पार्लरवालीला, मावशीला, शिक्षकांना विचारलं. मावशीच्या शेजारणीने सांगितलं, एक मोटरसायकलवाला मुलगा कोपऱ्यावर उभा असतो. मग गावी जाणं भाग होतं. तिचे वडील, अण्णा, एसटी थांब्यावर मला न्यायला आले होते. हात जोडून म्हणाले, "साहेब, गावात कुणाला माहीत नाही. कळलं तर पोरीचं आयुष्य गेलं."

आता गावात अनोळखी माणूस एखाद्या मुलीबद्दल विचारत हिंडला, तर लोक विचारणारच की तू कोण. तेव्हा मला ती युक्ती सुचली. आमच्या खान्देशात मुलीची अशी विचारपूस एकाच माणसाला शोभते, मुलाकडच्या पाव्हण्याला. सोयरीक जमण्याआधी पाव्हणे गावात येतात, दुधाच्या डेअरीवर, टपरीवर बसतात, मुलगी कशी, घर कसं, विचारतात. मी डेअरीच्या ओट्यावर बसलो आणि म्हणालो, अण्णांच्या मुलीबद्दल जरा माहिती पाहिजे होती. पुढे काही सांगावंच लागलं नाही. नथू आबा म्हणून एक म्हातारा होता, त्याने माझ्यासाठी चहा मागवला. दोन तासांत मला सगळं घर कळलं. सगळे मुलीबद्दल चांगलंच बोलले. तो अहवाल मी इतका जोरदार लिहिला की मंडळाने समज देऊन तिला घरी पाठवलं. शेवटच्या रकान्यात मी लिहिलं: मित्राच्या नादाने. पोतीचं गावात कुणालाही कळलं नाही. पुढे कित्येक वर्षं नव्या अधिकाऱ्यांना मी ही युक्ती सांगायचो. बालविवाह रोखण्याचं कामही आमच्याच खात्याचं आहे आणि मी सोळाच्या मुलीसाठी स्थळ घेऊन गेलो होतो, हे मला तेव्हा सुचलं नाही.

तर यंदा, सायली गेल्यावर आठवड्याने, मी त्याच गावी गेलो. अण्णांच्या घराला कुलूप होतं. डेअरी होती तिथेच होती आणि ओट्यावर नथू आबाही होता, फक्त हातात काठी आली होती. त्याने डोळ्यांवर हात धरून मला न्याहाळलं.

"ओ भाऊ! तुम्हीन तेच ना? अण्णानी पोरले देखाले उनथात ते?"

मी मान हलवली. अण्णांच्या पोरीला बघायला आलेला तो मीच.

"मंग निरोप काबर नही धाडा? बठ्ठं गाव वाट देखत व्हतं!"

निरोप का धाडला नाही, सगळं गाव वाट बघत होतं, म्हणे. आबा ओट्यावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "बारा वर्सं झायात. तुमना आंडोरनं लगन जमनं का, का अजून फिरीच ऱ्हायनात?" माझ्या मुलाचं लग्न अजून जमलं नाही की काय, असं तो विचारत होता. ओट्यावरचे सगळे हसले. मीही हसलो.

मग त्याने सांगितलं ते हसण्यासारखं नव्हतं. मी येऊन गेलो, चहा प्यालो, आणि पुन्हा फिरकलो नाही. आमच्याकडे नकार द्यायचा तरी निरोप पाठवतात. निरोपसुद्धा आला नाही, म्हणजे पाव्हण्याने काहीतरी भलतंच ऐकलं असणार. काय ऐकलं असेल, यावर गावाने आपापल्या परीने विचार केला. पुढे खरी स्थळं आली, तर त्यांना कुणीतरी आधीच सांगायचं की पहिला पाव्हणा असाच बघून गेला होता. "पहिला पाव्हना कायतरी आयकी गया, आसंच बठ्ठा म्हनेत," आबा म्हणाला.

"पत्रिका जुळली नाही, आबा," मी म्हणालो. तोंडातून तेच निघालं.

"अण्णा बी तेच सांगे," आबा म्हणाला, आणि माझ्याकडे जरा विचित्र नजरेने बघत राहिला.

मंगलचा पत्ता त्यानेच दिला. धुळ्याला, देवपुरात, शिलाईचं दुकान. आईवडीलही तिच्याचकडे.

मी तिथे जाताना बायकोची एक नवी साडी सोबत घेतली. देवपुरात कुणालाही विचारलं नाही. पाट्या वाचत तासभर फिरलो. दुकानात एक बाई ब्लाउजसाठी हट्ट धरून बसली होती. "ताई, पाडव्याला पाहिजेच." मशीनवरच्या बाईने मान वर केली आणि मला पाहिलं. ओळखलं, हे मला कळलं. पण तिने चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही.

"साडीला फॉल लावायचा आहे ना? बसा काका, बघते."

ती बाई पाडव्याचं वचन घेऊन गेली, तसं मंगलने मशीन थांबवलं.

"कोणाकोणाला विचारत आलात इथपर्यंत?"

"देवपुरात कुणालाच नाही. गावात फक्त नथू आबांना."

"म्हणजे एव्हाना गावात परत स्थळ आलं," ती म्हणाली. "माझं लग्न होऊन चार वर्षं झाली, साहेब. नवऱ्याला सगळं ठाऊक आहे. सासूबाईंना नाही. त्या पाच वाजता इथे येऊन बसतात. काय असेल ते त्याआधी बोला."

मी माफी मागायला सुरुवात केली. मला सवय नाही, त्यामुळे नीट जमलं नाही.

"पोतीचं कुणाला कळलं नाही, ते तुमच्यामुळेच," ती म्हणाली. "अण्णा अजून तुमचं नाव घेतात. पण तुम्ही पाव्हणे नव्हता, हे ते गावाला कसं सांगणार? मग कोण होता, तेही सांगावं लागलं असतं. म्हणून पत्रिकेचं सांगत बसले. आमच्यात पत्रिका बघतच नाहीत, साहेब. हे अख्ख्या गावाला ठाऊक. लोक अण्णांच्या तोंडावर हसायचे. शेवटी गाव सोडलं."

कित्येक वर्षं नव्या अधिकाऱ्यांना सांगितलेली माझी युक्ती ती अशी दोन मिनिटांत उलगडून दाखवत होती, हातात माझ्याच बायकोची साडी धरून. पण मी आलो होतो वहीसाठी. मी ती काढली, सायलीचं सांगितलं, आणि तिचं पान उघडून पुढे केलं. तिने सावकाश वाचलं.

"'मित्राच्या नादाने'," तिने मोठ्याने वाचलं आणि मग तिला हसू आवरेना. "हा मित्र कोण?"

"तो... मोटरसायकलवाला. कोपऱ्यावर उभा असायचा."

"तो शेजारणीच्या पोरीसाठी उभा असायचा! तिने आपल्या घरावरचं आमच्या घरावर ढकललं." हसता हसता ती थांबली. "तुम्ही शेजारणीला विचारलं. पार्लरवालीला, मास्तरांना, नथू आबाला, सगळ्या गावाला विचारलं. मला काय विचारलं होतं, आठवतंय?"

मला आठवेना.

"नाव. वय. शाळा. आणि 'परत करशील का असं?'"

मी म्हणणार होतो की तू मंडळापुढे तोंडच उघडलं नाहीस. पण मंडळापुढे तिघं परके बसले होते, आणि मी तिला एकटीला भेटलो होतो फार तर पाच मिनिटं, तेही कॉरिडॉरमध्ये उभ्या उभ्या. नथू आबाबरोबर दोन तास बसलो होतो.

"मग आता विचारतो," मी म्हणालो. "का घेतली होतीस?"

तिने घड्याळाकडे पाहिलं. "सांगते. पण आधी हे पान माझं. तुमच्या त्या मॅडमला द्यायचं की नाही, ते मी ठरवणार. आणि मी जे सांगेन ते कुठेही लिहायचं नाही."

आयुष्यात पहिल्यांदा मी घासाघीस न करता हो म्हणालो.

तिने सांगितलं. पंधरावीस मिनिटं. मी मध्ये एकही प्रश्न विचारला नाही. ते कारण इथे लिहीत नाही. एवढंच सांगतो की आमच्या छापील फॉर्मवर कारणांसाठी जे पर्याय होते, वाईट संगत, गरिबी, व्यसन, आईबापांचं दुर्लक्ष, त्यातल्या एकाशीही त्याचा संबंध नव्हता. आणि ते मला तेव्हा कळलं असतं तर मी गावी गेलोच नसतो. जायची गरजच नव्हती.

मग तिने ते पान वहीतून फाडलं, मोठ्या कातरीने त्याच्या उभ्या पट्ट्या केल्या आणि चिंध्यांच्या पोत्यात टाकल्या. पाच वाजता सासूबाई आल्या. मंगल म्हणाली, "काका, साडी भाऊबीजेला न्या." मी निघालो.

वही सायलीला दिली नाही. ती मी पानं वेगळी करून जाळून टाकली. बायकोने पाण्याचा बंब पेटवायला घेतली. शंभर मुलांची उत्तरं गेली म्हणून मला वाईट वाटतंय, हे खोटं बोलणार नाही. पण ती त्यांची उत्तरं नव्हतीच. ती त्यांच्या शेजाऱ्यांची होती. नोटीस मात्र अजून पिशवीत आहे. ती फाडण्याइतका मोठा मी झालेलो नाही, आणि तो 'दोन वर्षांनंतर'चा रकाना हवा हे माझं म्हणणं आजही तेच आहे. फक्त तो कुणी भरायचा, हे मला चुकीचं ठाऊक होतं.

सायलीला मी सगळं सांगितलं, कारण सोडून. ती म्हणाली, तिच्या प्रबंधाची दिशाच बदलेल. मुलं पुढे कुठे गेली, यापेक्षा त्यांना काय विचारलं गेलं होतं, हे ती आता शोधू पाहते आहे. सांगायची इच्छा असलेल्यांनी आपण होऊन यावं, असं काहीतरी तिच्या डोक्यात आहे. कुणी येईल का, हे तिलाही ठाऊक नाही. मलाही बघायचंय.

"पण तिने घेतली का होती, काका?" जाताना तिने विचारलंच.

"तिला विचार. आणि गावात कुणाला विचारत जाऊ नकोस. ड्रेस शिवायचाय म्हणून जा, आणि खरंच शिवून घे."

हा लेख मंगलने वाचला आहे. तीन ठिकाणी बदल करायला लावले, ते केले. परवा सायलीचा फोन आला.

"देवपूरला जाऊन आले. ड्रेस टाकलाय."

"काही बोलली?"

"मापं घेतली. दिवाळीनंतर ये म्हणाली, सासूबाई माहेरी जाणार आहेत तेव्हा."

आणखी कितीतरी विचारायचं होतं. कशी बोलली, हसली का, पोतीचं विचारलंस का, काय काय म्हणाली. सगळे प्रश्न जिभेवर आले होते.

"बरं," मी म्हणालो, आणि फोन ठेवला.